डाफ्ट पंक

डाफ्ट पंक : (१९९३–२०२१). इलेक्ट्रॉनीय नृत्यसंगीताची निर्मिती करणारी विख्यात फ्रेंच संगीतकार-जोडी. गी-मान्युएल द ओमेम-क्रिस्तो (८ फेब्रुवारी १९७४–  ) व तोमा बांगाल्तेर (३ जानेवारी १९७५–  ) हे या जोडीतील दोन संगीतकार. सु. अठ्ठावीस वर्षांच्या कारकीर्दीत त्यांनी चार स्वतंत्र ध्वनिमुद्रिका, प्रत्यक्ष कार्यक्रमांच्या दोन ध्वनिमुद्रिका आणि एका चित्रपटाचे पार्श्वसंगीत एवढीच मोजकी प्रमुख निर्मिती केली. तथापि विसाव्या शतकाच्या अखेरीपासून लोकप्रिय पाश्चात्त्य संगीताच्या घडणीवर त्यांचा खोल ठसा उमटला. यंत्रमानवाची शिरस्त्राणे धारण करून ते लोकांसमोर येत. त्यामुळे यंत्रयुगाचे प्रवक्ते अशी त्यांची प्रतिमा रूढ झाली. प्रत्यक्षात यंत्राचा उपयोग त्यांनी प्रामुख्याने जुन्या, विस्मृत संगीताचे स्मरण जागविण्यासाठी केला. जुन्या ध्वनिमुद्रिकांतील तुकडे उचलून त्यांनी प्रारंभ केला आणि अखेरीस त्या पिढीतील हयात वादकांनाच ध्वनिमुद्रणगृहात पाचारण केले. हा प्रवास हेच त्यांच्या कारकीर्दीचे मुख्य सूत्र होय.

पूर्वपीठिका : विद्युत् उपकरणांच्या साहाय्याने संगीत निर्माण करण्याची परंपरा फ्रान्समध्ये जुनी आहे. मॉरिस मार्तनो याने १९२८ मध्ये ‘आँद मार्तनो’ हे विद्युत् वाद्य पॅरिस येथे सादर केले. फ्रेंच नभोवाणीतील अभियंता प्येर शेफेर याने १९४८ मध्ये आगगाडीच्या ध्वनिमुद्रित आवाजांची जुळणी करून एक रचना सिद्ध केली व अशा संगीतास ‘मूर्त संगीत’ या अर्थाचे नाव दिले. तबकडीवरील खोबणीचे एकेक वर्तुळ बंद करून एकच ध्वनिखंड पुनःपुन्हा वाजत ठेवण्याची युक्ती त्याने योजिली होती. पुढे प्येर आंरी या तरुण संगीतकाराच्या सहकार्याने त्याने या प्रयोगांचा विस्तार केला. शेफेरच्या संशोधनगटात काही काळ शिकलेला झां-मिशेल झार याने ‘ऑक्सिजेन’ (१९७६) या ध्वनिमुद्रिकेद्वारा संश्लेषकावरील संगीत सामान्य श्रोत्यांपर्यंत पोहोचविले. डाफ्ट पंकचा या परंपरेशी थेट गुरुशिष्यसंबंध दाखविता येत नाही. तथापि ध्वनिमुद्रित आवाज हीच संगीताची कच्ची सामग्री मानण्याची व तिच्या आवर्तनातून रचना उभारण्याची कल्पना त्यांच्या जन्मापूर्वीच पॅरिसमध्ये साकार झाली होती.

त्यांच्या संगीताचा खरा उगम अमेरिकेत आढळतो. १९७० नंतरच्या दशकात लोकप्रिय झालेल्या डिस्को संगीताविरुद्ध त्या दशकाच्या अखेरीस तीव्र प्रतिक्रिया उमटली. १२ जुलै १९७९ रोजी शिकागोच्या कोमिस्की पार्क या क्रीडागारात डिस्कोच्या ध्वनिमुद्रिकांचा ढीग रचून तो स्फोटाने उडवून देण्यात आला. त्याच शहरातील ‘वेअरहाउस’ या नृत्यगृहात मात्र फ्रँकी नकल्स हा कृष्णवर्णी वादक डिस्कोच्या जुन्या तबकड्यांना यंत्राच्या ठोक्यांची जोड देत होता. तेथे जमणारा समाज बहुतांशी कृष्णवर्णी, लॅटिन व समलिंगी युवकांचा होता. ‘हाउस’ या संगीतप्रकाराचे नाव याच नृत्यगृहावरून पडले असे मानले जाते. डिट्रॉइट येथे ह्वान ॲटकिन्स, डेरिक मे व केव्हिन सॉंडर्सन यांनी ‘टेक्नो’ हा अधिक यांत्रिक प्रकार रूढ केला. ‘रोलंड’ या जपानी कंपनीची ‘टीबी-३०३’ व ‘टीआर-९०९’ ही उपकरणे व्यावसायिक दृष्ट्या अयशस्वी ठरली होती. त्यामुळे जुन्या बाजारात ती स्वस्तात मिळत आणि निर्धन तरुणांनी ती आपलीशी केली. समाजाने टाकलेले संगीत व बाजाराने टाकलेली यंत्रे यांच्या संयोगातून ही कला जन्मास आली, ही बाब लक्षणीय आहे.

अटलांटिकपार हे संगीत १९८७ च्या सुमारास इंग्लंडमध्ये व तेथून फ्रान्समध्ये आले. पॅरिसमधील ‘रेक्स क्लब’ येथे लोरां गार्न्ये याने त्याचा प्रसार केला. शहराबाहेरील गोदामांत व मोकळ्या मैदानांत रात्रभर चालणारे नृत्यमेळावे भरू लागले. ‘रेव्ह’ नावाने ओळखले जाणारे हे मेळावे शासनाच्या संशयास पात्र ठरले आणि १९९५ मध्ये फ्रेंच गृहखात्याने त्यांच्या धोक्यांविषयी प्रशासनास सावध करणारे परिपत्रक काढले. डाफ्ट पंकच्या ‘रेव्होल्यूशन ९०९’ या रचनेस या दडपणुकीची पार्श्वभूमी आहे.

प्रारंभीची वर्षे : बांगाल्तेरचा जन्म पॅरिस येथे व ओमेम-क्रिस्तोचा पॅरिसलगतच्या नइयी-स्युर-सेन येथे झाला. १९८७ मध्ये पॅरिसच्या ‘लीसे कार्नो’ या विद्यालयात शिकत असता त्यांची ओळख झाली. जुने चित्रपट व गिटारसंगीत यांची समान आवड हा त्यांच्या मैत्रीचा पाया होता. ब्रायन डी पाल्मा या दिग्दर्शकाचा ‘फँटम ऑफ द पॅरडाइझ’ (१९७४) हा चित्रपट त्यांनी एकत्र वीसहून अधिक वेळा पाहिला. मुखवटा घालून वावरणारा व निर्मात्याने फसविलेला संगीतकार हा त्याचा नायक आहे. त्या चित्रपटाचा गीतकार व अभिनेता पॉल विल्यम्स पुढे त्यांचा सहकारी झाला.

बांगाल्तेरचे वडील दान्येल हे ‘व्हांगार्द’ या टोपणनावाने गीतलेखन व ध्वनिमुद्रिका-निर्मिती करीत. ‘ओत्तावां’ या गायक-जोडीसाठी त्यांनी झां क्लुगेर यांच्यासमवेत रचलेले ‘डिस्को’ (१९७९) हे गीत यूरोपभर गाजले. याच गायक-जोडीच्या ‘तॅ ओके’ (१९८०) या गीताच्या चालीवर बप्पी लाहिरी यांनी संगीत दिलेल्या ‘डिस्को डान्सर’ (१९८२) या मुंबईत निर्माण झालेल्या हिंदी चित्रपटातील ‘जिमी जिमी’ हे गीत आधारलेले आहे. संगीताच्या व्यवसायात हक्क कोणाकडे राहतात व करार कसे केले जातात, याचे ज्ञान बांगाल्तेरला घरातूनच मिळाले. त्याचा परिणाम पुढे या जोडीच्या सर्व व्यवहारांवर झाला.

१९९२ मध्ये या दोघांनी लोरां ब्रांकोवित्स याच्यासह ‘डार्लिन’ नावाचा रॉक वाद्यगट स्थापन केला. हे नाव त्यांनी ‘बीच बॉइज’ या अमेरिकन वाद्यवृंदाच्या एका गीतावरून घेतले होते. या गटाच्या मोजक्या ध्वनिमुद्रणांवर ‘मेलडी मेकर’ या ब्रिटिश साप्ताहिकात प्रतिकूल अभिप्राय प्रसिद्ध झाला व त्यात त्यांच्या संगीताची ‘वेडगळ पंक छापाचा गोंगाट’ अशा अर्थाच्या शब्दांत संभावना करण्यात आली. गट लवकरच विसर्जित झाला. ब्रांकोवित्स पुढे ‘फिनिक्स’ या वाद्यवृंदात गेला. उरलेल्या दोघांनी त्या टीकेतील शब्दच आपले नाव म्हणून स्वीकारले आणि १९९३ पासून इलेक्ट्रॉनीय उपकरणांवर काम सुरू केले. बांगाल्तेरच्या अठराव्या वाढदिवशी मिळालेल्या पैशांतून प्रारंभीची काही यंत्रसामग्री विकत घेण्यात आली. त्याच वर्षी पॅरिसजवळील यूरोडिस्ने येथील एका नृत्यमेळाव्यात ग्लासगोच्या ‘सोमा’ या लहान ध्वनिमुद्रिका-संस्थेच्या चालकाशी त्यांची गाठ पडली. या संस्थेने ‘द न्यू वेव्ह’ (१९९४) व ‘दा फंक’ (१९९५) या त्यांच्या पहिल्या ध्वनिमुद्रिका प्रकाशित केल्या. ‘दा फंक’ मधील संथ, गुरगुरणाऱ्या धूनेवर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील तत्कालीन हिपहॉप संगीताची छाया आहे.

होमवर्क : १९९६ मध्ये ‘व्हर्जिन’ या मोठ्या कंपनीशी त्यांनी करार केला. मूळ ध्वनिमुद्रणांची मालकी स्वतःकडे ठेवून केवळ वितरणाचे अधिकार कंपनीस देणे, हे या कराराचे वैशिष्ट्य होते. विशीतील दोन नवोदितांनी अशी अट मान्य करून घ्यावी, हे त्या काळी असाधारण होते. जास्त रकमेपेक्षा त्यांनी निर्मितीवरील स्वतःचे नियंत्रण अधिक मोलाचे मानले.

‘होमवर्क’ ही पहिली ध्वनिमुद्रिका जानेवारी १९९७ मध्ये प्रसिद्ध झाली. तिचे बहुतेक काम बांगाल्तेरच्या घरातील शयनगृहात झाले होते व तिच्या नावातही ते सूचित होते. ‘अराउंड द वर्ल्ड’ या रचनेत शीर्षकाचे तीनच शब्द शंभराहून अधिक वेळा आवर्तित होतात आणि त्यांच्याभोवती मंद्र स्वरांची धून, संश्लेषक, गिटार व ताल यांचे थर चढत-उतरत राहतात. मिशेल गोंद्री याने दिग्दर्शित केलेल्या तिच्या लघुचित्रपटात नर्तकांचे पाच गट असून प्रत्येक गट एकेका ध्वनीचे प्रतिनिधित्व करतो. यंत्रमानव म्हणजे गायन, सांगाडे म्हणजे गिटार, ममी म्हणजे तालयंत्र अशी योजना आहे. नृत्यरचना ब्लांका ली हिची होती. पुनरावृत्तीवर आधारलेल्या संगीताची अंतर्रचना सामान्य प्रेक्षकास डोळ्यांनी समजावून देणारा हा लघुचित्रपट त्या माध्यमातील एक मान्यवर कृती गणला जातो.

याच ध्वनिमुद्रिकेतील ‘टीचर्स’ ही रचना त्यांच्या प्रेरणास्थानांच्या अभ्यासाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. तीत ज्यांच्यापासून ते शिकले त्या संगीतकारांची नावे एकामागून एक उच्चारली जातात. शिकागोचे पॉल जॉन्सन, डीजे स्नीक व लिल लुइस, डिट्रॉइटचा जेफ मिल्स, न्यू जर्सीचे रोमँथनी व टॉड एडवर्ड्स यांच्याबरोबरच बीच बॉइजचा ब्रायन विल्सन, फंक संगीताचा अध्वर्यू जॉर्ज क्लिंटन आणि हिपहॉपमधील डॉ. ड्रे यांचाही तीत अंतर्भाव आहे. यांपैकी अनेक नावे त्या वेळी स्वदेशातही फारशी परिचित नव्हती. ऋणनिर्देशालाच रचनेचे रूप देण्याची ही कल्पना पुढील निर्मितीची दिशा दर्शविते. पुढे यांपैकी रोमँथनी व एडवर्ड्स यांना त्यांनी आपल्या ध्वनिमुद्रिकांत गायनासाठी निमंत्रित केले.

तंत्र : या जोडीची रचनापद्धती चार प्रक्रियांवर आधारलेली आहे. पहिली प्रक्रिया सँपलर या यंत्राशी संबंधित आहे. हे यंत्र कोणताही आवाज अंकरूपात साठविते. जुन्या ध्वनिमुद्रिकेतील दोन-चार मापांचा तुकडा त्यात घेऊन त्याची गती व स्वर बदलता येतात, त्याचे खंड पाडून त्यांचा क्रम उलटसुलट करता येतो आणि सिद्ध झालेला आकृतिबंध अखंड आवर्तित ठेवता येतो. दुसरी प्रक्रिया फिल्टर या मंडलाची असून त्याच्या योगे ठराविक कंप्रतेवरील ध्वनी वगळले जातात. प्रारंभी संगीत जणू भिंतीपलीकडून येत असल्यासारखे दबलेले ऐकू येते. हळूहळू मर्यादा वाढवीत नेल्यावर ते उजळत जाते. स्वर न बदलताही उत्कंठा वाढविण्याचे हे साधन त्यांनी व त्यांच्या समकालीनांनी इतके वापरले, की ती फ्रेंच शैलीची ओळखच ठरली. तिसऱ्या प्रक्रियेत ढोलाच्या प्रत्येक ठोक्यासरशी इतर सर्व आवाज क्षणभर दाबले जातात व पुन्हा उसळतात. त्यामुळे मिनिटास सु. १२० मात्रांच्या चतुर्मात्रिक लयीत संपूर्ण रचना श्वासोच्छ्‌वास करीत असल्याचा भास होतो. चौथी प्रक्रिया व्होकोडर या उपकरणाची आहे. दूरध्वनीवरील संभाषणाच्या संदर्भात अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत होमर डडली याने १९३० नंतरच्या दशकात ते तयार केले. मानवी वाणीचे कंप्रतापट्ट्यांत पृथक्करण करून त्यांची छाप संश्लेषकाच्या स्वरावर उमटविण्याचे कार्य हे उपकरण करते. जर्मनीतील ‘क्राफ्टवेर्क’ या वाद्यगटाने ते आधीच रूढ केले होते. मात्र डाफ्ट पंकच्या हाती यंत्राचा हा आवाज थंड न राहता आर्जवी व काहीसा विषण्ण झाला.

फ्रेंच शैलीचा उदय : ‘होमवर्क’ ही एकाकी घटना नव्हती. फिलिप झ्दार व एत्येन द क्रेसी यांच्या ‘मोटरबास’ या जोडीची ‘पॅनसोल’ (१९९६), क्रेसीचीच ‘सुपर डिस्काउंट’ (१९९६) व ‘एर’ या जोडीची ‘मून सफारी’ (१९९८) या ध्वनिमुद्रिका त्याच सुमारास गाजल्या आणि हा संप्रदाय ‘फ्रेंच टच’ म्हणून ओळखला जाऊ लागला. बांगाल्तेरने ‘रूले’ व ओमेम-क्रिस्तोने ‘क्रिदामूर’ या स्वतःच्या लहान ध्वनिमुद्रिका-संस्था चालविल्या. बांगाल्तेर, ॲलन ब्रॅक्स व गायक बेंजामिन डायमंड यांनी ‘स्टारडस्ट’ या नावाने ‘म्यूझिक साउंड्स बेटर विथ यू’ (१९९८) ही एकच रचना केली. शाका खान हिच्या गीतातील गिटारच्या लहानशा तुकड्यावर ती संपूर्णतः उभी आहे. तिच्या प्रचंड यशानंतरही या त्रयीने पुढे एकत्र काही प्रसिद्ध केले नाही.

मुखवटा व डिस्कव्हरी : प्रारंभापासूनच हे दोघे छायाचित्रांत चेहरा झाकीत असत. १९९९ नंतर त्यांनी यंत्रमानवाची धातुसदृश शिरस्त्राणे कायमची स्वीकारली. ९ सप्टेंबर १९९९ रोजी सकाळी ९ वाजून ९ मिनिटांनी सँपलरचा स्फोट झाला व शुद्धीवर आल्यावर आपण यंत्रमानव झाल्याचे आढळले, अशी गमतीदार आख्यायिका त्यांनी स्वतःच प्रसृत केली. व्यक्तीपेक्षा संगीताकडे लक्ष वेधावे व खाजगी जीवन अबाधित राहावे, हा यामागील हेतू होता. कालांतराने ही शिरस्त्राणेच जगभर ओळखीचे चिन्ह बनली. प्रसिद्धी टाळण्याच्या साधनातून प्रसिद्धीचे साधन निर्माण झाले, अशी टीकाही त्यावर झाली. मात्र शिरस्त्राणांमागील दोन माणसे रस्त्यावरून अनोळखी म्हणून वावरू शकत होती.

‘डिस्कव्हरी’ (२००१) या दुसऱ्या ध्वनिमुद्रिकेत बालपणीचे निर्व्याज श्रवण पुन्हा अनुभवण्याचा प्रयत्न आहे. डिस्को, सत्तरीच्या दशकातील भावगर्भ रॉक, दूरचित्रवाणीवरील मुलांच्या कार्यक्रमांचे संगीत या अभिरुचीच्या दृष्टीने हिणकस मानल्या गेलेल्या प्रकारांना तीत निःसंकोच स्थान मिळाले. रोमँथनीने गायिलेले ‘वन मोअर टाइम’ (२०००) हे गीत सर्वाधिक गाजले. त्यातील आवाजावर केलेल्या यांत्रिक संस्कारामुळे काही समीक्षक नाराज झाले. संश्लेषकालाही एके काळी असाच विरोध झाला होता, असे उत्तर त्यांना देण्यात आले.

या ध्वनिमुद्रिकेवर आधारित ‘इंटरस्टेला ५५५५’ (२००३) हा संवादविरहित सचेतपट जपानी चित्रकार लेइजी मात्सुमोतो याच्या देखरेखीखाली ‘तोएई’ या संस्थेने तयार केला. मात्सुमोतोच्या अंतराळचाच्याची मालिका १९८० पासून फ्रेंच दूरचित्रवाणीवर दाखविली गेली होती व हे दोघे तिचे बालप्रेक्षक होते. परग्रहावरील चार निळ्या संगीतकारांचे एक दुष्ट व्यवस्थापक अपहरण करतो, त्यांची स्मृती पुसतो, त्यांना मानवी रूप देतो व पृथ्वीवर त्यांच्या कलेचा बाजार मांडतो, असे त्याचे कथानक आहे. स्मृती हिरावून घेणे हाच कलावंतावरील सर्वांत मोठा अन्याय, असा त्याचा आशय दिसतो.

उसनवारीचा प्रश्न : डाफ्ट पंकच्या अनेक रचना पूर्वसूरींच्या ध्वनिखंडांवर उभ्या आहेत. ‘हार्डर, बेटर, फास्टर, स्ट्राँगर’ या रचनेचा आधार एडविन बर्डसाँग याचे ‘कोला बॉटल बेबी’ (१९७९), ‘डिजिटल लव्ह’चा आधार जॉर्ज ड्यूक याचे ‘आय लव्ह यू मोअर’ (१९७९) व ‘रोबो रॉक’चा आधार ‘ब्रेकवॉटर’ या वाद्यगटाचे ‘रिलीज द बीस्ट’ (१९८०) हा आहे. बर्डसाँग व ड्यूक यांचा निर्देश ध्वनिमुद्रिकेवर करण्यात आला. ‘वन मोअर टाइम’ मध्ये एडी जॉन्स या गायकाच्या ‘मोअर स्पेल ऑन यू’ (१९७९) या गीतातील तुकडे कापून त्यांची नवी जुळणी केली आहे. तेथे मात्र असा निर्देश नव्हता. लॉस अँजेल्सच्या एका दैनिकाने २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या वृत्तान्तानुसार त्या गीताचे हक्क एका फ्रेंच कंपनीकडे असून तिला मोबदला मिळत होता. हलाखीत दिवस काढणाऱ्या मूळ गायकापर्यंत मात्र तो पोहोचलेला नव्हता. वृत्तान्तानंतर कंपनीने त्याची दखल घेतली. ध्वनीचा तुकडा कोणाचा, गाणाऱ्याचा, करारधारकाचा की त्यास नवे रूप देणाऱ्याचा, हा या कलाप्रकाराच्या मुळाशी असलेला नैतिक प्रश्न यातून स्पष्ट होतो. स्वतःच्या मालकीहक्काविषयी अत्यंत दक्ष असलेल्या जोडीच्या सर्वांत लोकप्रिय गीताबाबत तो उपस्थित व्हावा, हे विशेष होय.

यंत्राची मर्यादा : ‘ह्यूमन आफ्टर ऑल’ (२००५) ही तिसरी ध्वनिमुद्रिका सु. सहा आठवड्यांत सिद्ध झाली. तीतील कठोर, रूक्ष पुनरावृत्ती अनेकांना निराशाजनक वाटली. त्यानंतर दोघांनी ‘इलेक्ट्रोमा’ (२००६) हा चित्रपट दिग्दर्शित केला. त्यात त्यांचे स्वतःचे संगीत नाही. मनुष्य होऊ पाहणारे दोन यंत्रमानव कृत्रिम चेहरे लावून एका गावात शिरतात. उन्हाने ते चेहरे वितळतात, यंत्रमानवांचेच बनलेले गाव त्यांच्या मागे लागते व अखेर वाळवंटात दोघेही नाश पावतात.

२९ एप्रिल २००६ रोजी कॅलिफोर्नियातील कोचेला महोत्सवात त्यांनी प्रकाशमान पिरॅमिडमध्ये उभे राहून कार्यक्रम सादर केला. तिन्ही ध्वनिमुद्रिकांतील रचना परस्परांत गुंफून एक सलग कृती निर्माण करण्यात आली होती. टीका झालेल्या तिसऱ्या ध्वनिमुद्रिकेतील रचना या गुंफणीत नव्याने अर्थपूर्ण वाटल्या. पुढील वर्षी हा कार्यक्रम जगभर नेण्यात आला. पॅरिसमधील बेर्सी येथील ध्वनिमुद्रणावर आधारित ‘अलाइव्ह २००७’ हिला २००९ मध्ये ग्रॅमी पुरस्कार मिळाला. इलेक्ट्रॉनीय संगीताच्या भव्य दृश्यप्रधान कार्यक्रमांची जी प्रथा पुढील दशकात रूढ झाली, तिचा आरंभ सामान्यतः या पिरॅमिडपासून मानतात.

वादकांकडे पुनरागमन : ‘ट्रॉन : लेगसी’ (२०१०) या अमेरिकन चित्रपटासाठी त्यांनी प्रथमच मोठ्या वाद्यवृंदाचे संगीत रचले. वाद्यवृंदयोजनेत जोसेफ ट्रॅपनीझ याचे साहाय्य होते. त्याच वर्षी फ्रेंच शासनाने दोघांना कला व साहित्य क्षेत्रातील ‘शेव्हाल्ये’ हा किताब दिला.

‘रँडम ॲक्सेस मेमरीज’ (२०१३) ही चौथी व अखेरची ध्वनिमुद्रिका त्यांच्या कारकीर्दीचा कळस होय. संगणकाची स्मृती व माणसाच्या आठवणी हा श्लेष तिच्या नावातच आहे. तीत उसन्या ध्वनिखंडांचा वापर जवळजवळ वर्ज्य करून प्रत्यक्ष वादकांस पाचारण करण्यात आले. ‘शीक’ या डिस्को वाद्यवृंदाचा गिटारवादक नाइल रॉजर्स, तालवादक ओमर हकीम व जॉन रॉबिन्सन, बासवादक नेथन ईस्ट, गिटारवादक पॉल जॅक्सन हे त्यांपैकी काही. ज्यांच्या तबकड्या कापून तरुण पिढीने आपले संगीत रचले, त्या पिढीतीलच हे वादक होत. घरगुती संगणकावर कोणालाही ध्वनिनिर्मिती करता येऊ लागली असता या जोडीने खर्चिक, श्रमसाध्य व काहीशी कालबाह्य पद्धती जाणीवपूर्वक स्वीकारली.

डोना समर हिच्या ‘आय फील लव्ह’ (१९७७) या गीताद्वारा संश्लेषकाधारित नृत्यसंगीताचा पाया घालणारा जॉर्जो मोरोडर यालाही त्यांनी निमंत्रण दिले. मात्र वादनासाठी नव्हे, तर आत्मकथनासाठी. त्याच्या निवेदनाभोवती नऊ मिनिटांची रचना उभारण्यात आली. त्याच्या आयुष्यातील वेगवेगळ्या कालखंडांसाठी त्या त्या काळचे मायक्रोफोन वापरण्यात आले. हा फरक श्रोत्यांना जाणवणार नाही, पण या दोघांना जाणवेल, असे ध्वनितंत्रज्ञाने सांगितल्याची आठवण मोरोडरने नमूद केली आहे. फॅरेल विल्यम्स याने गायिलेले व रॉजर्सच्या गिटारने सजलेले ‘गेट लकी’ हे गीत जगभर लोकप्रिय झाले. ध्वनिमुद्रिकेचा आरंभसोहळा ऑस्ट्रेलियातील वी वा या कापूस पिकविणाऱ्या लहानशा गावी झाला. जानेवारी २०१४ मध्ये सर्वोत्कृष्ट ध्वनिमुद्रिकेसह पाच ग्रॅमी पुरस्कार तिला लाभले. व्यासपीठावर दोघे यंत्रमानव मूक उभे राहिले व त्यांच्या वतीने पॉल विल्यम्सने मनोगत व्यक्त केले. बालपणी ज्याचा चित्रपट त्यांनी वारंवार पाहिला, त्याच कलावंताने त्यांना वाणी दिली, असा हा प्रसंग होता.

अखेर : कॅनेडियन गायक द वीकेंड याच्यासमवेत केलेले ‘स्टारबॉय’ (२०१६) हे गीत अमेरिकेच्या लोकप्रियता-यादीत प्रथम क्रमांकावर गेले. फेब्रुवारी २०१७ मधील ग्रॅमी समारंभात दोघांनी अखेरचा जाहीर कार्यक्रम केला. १४ जुलै २०१७ रोजी पॅरिसमधील राष्ट्रीय दिनाच्या संचलनात फ्रेंच सैनिकी वाद्यवृंदाने त्यांच्या रचनांची गुंफण वाजविली. शासनाच्या संशयास पात्र ठरलेल्या मेळाव्यांतून उदय पावलेले हे संगीत दोन तपांत राष्ट्रीय वारशाचा भाग बनले होते. २२ फेब्रुवारी २०२१ रोजी ‘एपिलॉग’ या आठ मिनिटांच्या चित्रफितीद्वारा जोडीच्या विसर्जनाची घोषणा झाली. ‘इलेक्ट्रोमा’तील दृश्यांवर आधारलेल्या या चित्रफितीत एक यंत्रमानव स्फोटाने नष्ट होतो व दुसरा सूर्याच्या दिशेने चालत जातो. कोणतेही कारण देण्यात आले नाही.

पुढे बांगाल्तेरने आंजलँ प्रेलजोकाज याच्या ‘मिथॉलॉजीज’ (बॉर्दो, २०२२) या बॅलेसाठी केवळ पारंपरिक वाद्यवृंदाचे संगीत लिहिले. २०२३ मध्ये दिलेल्या मुलाखतींत त्याने, यंत्रमानवाची भूमिका ही यंत्राची निरपवाद स्तुती नव्हती असे सांगितले आणि मनुष्य व यंत्र यांच्या बदलत्या संबंधांविषयी चिंता व्यक्त केली. त्याच वर्षी अखेरच्या ध्वनिमुद्रिकेची तालवाद्यविरहित आवृत्ती प्रसिद्ध करण्यात आली.

प्रभाव व मूल्यमापन : या जोडीचा प्रभाव विविध क्षेत्रांत दिसतो. अमेरिकन गायक कान्ये वेस्ट याने ‘स्ट्राँगर’ (२००७) या गीतासाठी त्यांच्याच रचनेतील ध्वनिखंड घेतला. अशा प्रकारे बर्डसाँगची मूळ धून तिसऱ्या पिढीपर्यंत पोहोचली. त्यांचा दीर्घकाळचा व्यवस्थापक पेद्रो विंटेर याने स्थापिलेल्या ‘एड बँगर’ या संस्थेतून ‘जस्टिस’ ही फ्रेंच जोडी उदयास आली. हाउस व हिपहॉप, नृत्यगृह व नभोवाणी, भूमिगत व लोकप्रिय यांमधील भिंती सैल करण्यात त्यांचा वाटा मोठा आहे. याबरोबरच कृष्णवर्णी अमेरिकनांनी निर्माण केलेल्या कलेचे सर्वाधिक श्रेय व धन श्वेतवर्णी यूरोपीयांना मिळाले, हा आक्षेपही विचारात घ्यावा लागतो. ‘टीचर्स’ मधील नामावली, जुन्या गायक-वादकांना दिलेले निमंत्रण व त्यांच्या नावांचा ठळक उल्लेख यांवरून या ऋणाची जाण त्यांना होती असे दिसते. ते पूर्णतः फेडले गेले असे मात्र म्हणता येत नाही. संगीतनिर्मितीत यंत्राचा वाटा वाढत असलेल्या काळात, प्रत्येक ध्वनिखंडामागे कोणीतरी गाणारा वा वाजविणारा माणूस असतो, ही जाणीव यंत्रमानवांच्या वेषातील या दोन संगीतकारांनी दृढ केली. लोकप्रिय संगीताच्या इतिहासातील त्यांचे स्थान मुख्यत्वे यामुळे निश्चित झाले आहे.